चौथी घागर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईबापाच्याही आधी माझ्या तोंडी तायडे सरांचं नाव येतं, आणि आईला ते कधी खटकलं नाही. "आमी तुले जन्म देल्ला, मान्सात तायड्या मास्तरानं आनलं," असं ती बार्शीटाकळीच्या बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसून गिऱ्हाइकांनाही सांगायची. आम्ही माळी, आमच्या घरात मराठी चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मला कॉलेजात घालण्यासाठी सर तीन वेळा घरी आले, आणि तिसऱ्या वेळी वडिलांनी त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवून "न्या बा तुमचं पोरगं" म्हटलं. पण सरांनी दिलेली खरी चीज वेगळीच होती. दर रविवारी दुपारी, शाळेच्या रिकाम्या वर्गात, त्यांनी मला मोडी शिकवली. आधी खडूने फरशीवर लांबलचक रेघ ओढायची आणि मग हात न उचलता एकेक अक्षर त्या रेघेला टांगत जायचं. फरशी भरली की ओल्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा रेघ.

सरांनी मोडी पोटासाठी शिकली नव्हती. मास्तर होण्याआधी ते तहसील कचेरीच्या दप्तरखान्यात शिपाई होते आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाचे पाय दाबून ते ही लिपी शिकले होते, कारण त्यांना त्यांचा पणजोबा शोधायचा होता. त्यांचं मूळ गाव काटेपूर्णेच्या काठी. पणजोबा गणू हा पाटलाच्या वाड्यावर राबणारा गावकीचा महार. एक दिवस पाटलाचा निरोप घेऊन तो अकोल्याला गेला आणि परत आलाच नाही. वाड्यावरून सांगण्यात आलं की गण्या पळाला. त्याची बायको भागाई सरांनी लहानपणी पाहिली होती. कमरेत वाकलेली, डोळे गेलेले, पण रोज सकाळी बोटाने कपाळ चाचपून ती कुंकू लावायची. बाया विचारत, "कोन्या गावले हाय माय तुहा नवरा?" ती म्हणायची, "त्याचं मरन मले कोनी सांगतलं नाई. सांगन तवा पुसीन." आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, पण जो मेल्याचंच ठाऊक नाही त्याची घागर कशी भरणार? गणूच्या नावाने कधी पाणी भरलं गेलं नाही. पुढे सरांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला, देव नदीला पोचले आणि घागरींचा प्रश्नच मिटला. सरांनी दप्तरखान्यातला एकेक गठ्ठा सोडवून वाचला. पणजोबा कुठल्याच कागदात नव्हता.

अमरावतीत इतिहासाचं एम. ए. झालो त्या उन्हाळ्यात मला बोलावणं आलं ते या मोडीमुळेच. बोलावणारे भैयासाहेब. दोनदा आमदार, एकदा राज्यमंत्री, मोठ्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांचे आजोबा दाजीसाहेब हे आमच्या भागातलं मोठं नाव. इंग्रजांची कचेरी पेटवली म्हणून त्यांना अंदमानला काळ्या पाण्यावर धाडलं, कित्येक वर्षांनी ते जिवंत परतले आणि त्यांनी शाळा काढली, असं आम्ही पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं ऐकलेलं. भैयासाहेबांचं तिकीट, संस्थेला मिळालेली सरकारी जमीन, घराला असलेला मान, सगळं त्या बेटावर उभं होतं. आता कॉलेजच्या मैदानात दाजीसाहेबांचा पुतळा बसायचा होता आणि त्या दिवशी प्रकाशित करायला त्यांचं चरित्र हवं होतं. मी ते लिहायचं, बंगल्यातच राहायचं, आणि पुस्तक हातात पडलं की चांदूर बाजारच्या नव्या कॉलेजात मला लेक्चररची ऑर्डर. आमच्या घराण्यात ऑर्डर हा शब्दच कुणी ऐकला नव्हता. आईने अंबादेवीला खण बोलला.

मी सरांचा निरोप घ्यायला गेलो. दाजीसाहेब त्यांच्याच मूळ गावचे पाटील, हे मला ठाऊक होतं. गणू ज्याचा निरोप घेऊन गेला तो पाटील हाच. "त्या घरचे कागद तुला पाहायला मिळतील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिळतील. "मग जा. जे लिहिलं आहे तेच वाचजो. जे नाही ते वाचू नको." एवढंच बोलले. त्यांना तेव्हाच काही संशय होता का, हे मी पुढे कधी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

चांदूर रेल्वेच्या रस्त्याला, गावाबाहेर, तो बंगला होता. त्याचं नाव जहाज. दाजीसाहेबांनी परतल्यावर बांधलेला. वरच्या मजल्याभोवती जहाजासारखा लोखंडी कठडा, भिंतींना गोल खिडक्या, गच्चीवर डोलकाठी. चहूकडे तूर-कपाशीचं काळं रान आणि त्यात हे पांढरं जहाज रुतून बसलेलं. एसटीचा कंडक्टर ओरडायचा, "जहाजवाले उतरा, बुडान नाईतर!" आणि सगळी गाडी हसायची. मीही हसलो होतो, पहिल्या दिवशी.

घरात माणसं थोडी. भैयासाहेब बहुतेक मुंबईला किंवा दौऱ्यावर. त्यांची विधवा आई, जिला सगळे आईसाहेब म्हणत, आणि स्वयंपाकाच्या शांताबाई. शांताबाईंच्या हातची पातोडी आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत यांची चव अजून माझ्या जिभेवर आहे, पण त्या घरात वरण मात्र कधी धड झालं नाही. विहिरीचं पाणी खारं. खारपाणपट्टा तिकडे दूर, पूर्णेच्या अंगाला. इथे आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत पाणी साखरेसारखं, आणि या एका कुंपणाच्या आत असं की डाळ तासन्‌तास उकळली तरी दाणा सुटा. पिण्याचं पाणी शेजारच्या मळ्यातून यायचं. "बंगला बांधला तवा गोड होतं म्हनतात," शांताबाई सांगायच्या, "मंग बिघडलं." कसं बिघडलं ते त्यांनी सांगितलं नाही. भूगर्भशास्त्र शिकलेल्या माझ्या मुलाने मला यावर पुष्कळ समजावलं आहे, आणि त्याचं बरोबरही असेल.

पाण्यापेक्षा मला जास्त त्रास व्हायचा तो आवाजाचा. ऐन उन्हात, बाहेर पान हलत नसताना, दिवाणखान्यात एक आवाज यायचा. लांबून कुणी ओढून श्वास घ्यावा, थांबावा आणि मग सोडावा, तसा. पुन्हा घ्यावा. मी पंखा बंद करून पाहिला, कूलर बंद करून पाहिला, गोल खिडक्या लावून घेतल्या. आवाज तसाच. जेवताना मी शांताबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली. "जहाज श्वास घेते. तिकडं ध्यान देऊ नोको. जेव."

निवृत्तीनंतर मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. मुलगा-सून मला अंदमानलाच घेऊन गेले होते. विमानातून उतरून किनाऱ्यावर आलो आणि पाय तिथेच थबकले. तो आवाज मला ओळखीचा होता. मी तो चाळीस वर्षांपूर्वी, समुद्रापासून शेकडो मैलांवर, एका कोरड्या रानात ऐकला होता. सून म्हणाली, "बाबा, किती छान वाटतंय ना?" मी हो म्हणालो.

तर दिवाणखान्याची गोष्ट. तिथे भिंतीवर, बरोबर मधोमध, चंदनाचा हार घातलेली एक चौकट होती. आत फोटो नव्हता, पत्र होतं. बेटावरून वर्षात एकच पत्र धाडायची परवानगी असायची, त्यातलं दाजीसाहेबांचं हे एक उरलेलं. खाली काचेच्या पेटीत एक मोठा शंख आणि लाकडाची एक छोटी पट्टी. तिच्यावर आकडे कोरलेले. तिथले कैदी अशी पट्टी गळ्यात बांधत, तोच त्यांचा नंबर. घरी येणारा प्रत्येक पुढारी, प्रत्येक अधिकारी आधी त्या चौकटीपुढे चप्पल काढून वाकायचा. देशासाठी लिहिलेलं पत्र, असं सगळे म्हणत. पण पत्र मोडीत होतं, आणि त्या घरात मोडी येणारा कुणी उरला नव्हता. इतकी वर्षं त्याच्यापुढे माणसं वाकत होती आणि एकानेही ते वाचलं नव्हतं.

मी ते वाचायला चार दुपारी घेतल्या. चौकट उतरवायची परवानगी नव्हती, म्हणून स्टुलावर उभा राहून, काचेवर पडणारी खिडकीची तिरीप हाताने अडवत, एकेक ओळ वहीत उतरवली. शाई तांबूस झालेली, कागद जणू भिजून वाळलेला. मला वाटलं होतं, स्वराज्य, देश, असं काही असेल. जे होतं ते असं:

"घरी सर्व मंडळीस दाजी पाटलाचा रामराम. येथे खुशाल आहे. आमचा चाकर गण्या याचे घरी सांगावे की गण्या जिवंत आहे. भागीने कपाळ पुसू नये. गण्याचे म्हातारीस कमी दिसते, तिला विहिरीवर एकटी पाठवू नये. लेकरू बोलू लागले किंवा कसे. तांबडी शेळी व्याली किंवा कसे. बोलले होते त्याप्रमाणे दोन एकर भागीचे नावे केले किंवा कसे, ते कळवावे. येथे चहूकडे पाणी आहे, परंतु पिण्याजोगे नाही."

पुढे काही नाही. पाटलाला बायको होती, मुलगा होता, त्यांची चौकशी नाही. पेरणी, बैल, वाडा यांचा उल्लेख नाही. सारं पत्र एका चाकराच्या झोपडीभोवती फिरत होतं. आणि समुद्रापलीकडच्या बेटावर कोंडलेल्या पाटलाला, गावातून नाहीसा झालेला गण्या जिवंत आहे हे कसं ठाऊक? भागी हे नाव मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा स्टुलावरच मला सरांची भागाई आठवली. मी खाली उतरलो. आवाज चालूच होता. श्वास घेणं, थांबणं, सोडणं.

चार-पाच दिवसांत आखाजी आली. सकाळी मागच्या पडवीत आईसाहेबांनी मातीच्या नव्या घागरी मांडल्या, शेजारच्या मळ्यातलं गोड पाणी माझ्यादेखत त्यांत भरलं, प्रत्येकीच्या तोंडावर आंबा ठेवला. शांताबाईंनी पळसाच्या पत्रावळींवर शेवया, कुरड्या आणि चिंचोणी वाढली. आईसाहेब एकेका घागरीवर पाण्याचा हात फिरवून नाव घेत होत्या. पहिली दाजीसाहेबांची. दुसरी त्यांच्या पत्नीची, म्हणजे आईसाहेबांच्या सासूची. तिसरी आईसाहेबांच्या यजमानांची. चौथ्या घागरीवर त्यांनी हात फिरवला, पण ओठ मिटलेलेच. मी चरित्रासाठी दाजीसाहेबांपासूनची वंशावळ काढली होती आणि तीत गेलेली माणसं तीनच होती. मला वाटलं, माझीच चूक. एखादं नाव सुटलं. मी वही घेऊन पुढे झालो आणि शिकलेल्या माणसाच्या उत्साहाने विचारलं, "आईसाहेब, ही चौथी कुणाची? वंशावळीत घ्यायचं राहिलं."

शांताबाई चुलीकडे वळल्या. आईसाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या घरात तोवर त्या माझ्याशी दोन शब्दही बोलल्या नव्हत्या.

"तू माळ्याचा न रे? टाकळीचा?"

"हो."

"त्यातलं पानी पिऊन पाय."

मी पेला बुडवला. घोट घेतला आणि तो गिळता येईना. मीठ. समोर भरलेलं, अजून मातीचा वास असलेलं पाणी, पण तोंडात मीठ. बाकीच्या तीन घागरींतलं गोड होतं. तेही मी पिऊन पाहिलं. हे मी आज कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक माझ्या वयाकडे बघतात. पण ज्याची मूठभर पुस्तकं वाचून झाली होती आणि ज्याचा कशावर विश्वास नव्हता असा बावीस वर्षांचा मी तिथे उभा होतो, आणि मला ती चव कळली होती.

"दरसाल असंच," आईसाहेब म्हणाल्या. "त्याची तहान भागत नाई. सासूबाईनं मरताना मले सांगतलं, तिनं जलमभर घागर भरली आन नाव कवाच घेतलं नाई. नाव घेतलं त तो घरात येईन म्हने."

हातातल्या वहीत मी पत्राचं पान काढलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "आईसाहेब, चौकटीतलं पत्र मी वाचलं आहे. वाचून दाखवू?"

त्यांनी नको म्हटलं नाही. पडवीच्या पायरीवर बसून मी सगळं वाचलं, तांबड्या शेळीसकट. शेवटच्या ओळीनंतर माझ्या लक्षात आलं की घर गप्प झालं आहे. तो आवाज थांबला होता. शांताबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली होती. आईसाहेब पदराने तोंड पुसत होत्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. कचेरी पेटवली ती देशासाठी नव्हे. दाजी पाटलाने विधवांच्या आणि पोरक्यांच्या जमिनी दाबल्या होत्या, त्याचे कागद तिथे होते. पकडायला शिपाई येणार हे आधी कळलं. अकोल्याच्या नव्या साहेबाने पाटलाला कधी पाहिलं नव्हतं. पाटलाचा अंगरखा आणि पागोटं घालून गणू हजर झाला. बदल्यात भागीच्या नावे दोन एकर लिहून द्यायचा शब्द. तो पाटलाच्या नावानेच बेटावर गेला, पत्रही तिथल्या कुणाकडून त्याच नावाने लिहवून घेतलं, आणि खरा पाटील निजामाच्या मुलखात, हैदराबादेत जाऊन राहिला. पुढे एक सुटलेला कैदी गावात आला. त्याने पट्टी आणि शंख वाड्यावर आणून दिले आणि घरच्यांनाच सांगितलं, पाटील तिकडेच वारला. त्यानंतर दोन महिन्यांनी खरा पाटील तीच पट्टी गळ्यात घालून, दाढी वाढवून, काळ्या पाण्यावरून सुटून आला. सगळं गाव सामोरं गेलं.

"आणि भागाई?"

"तिले कसं सांगनार बापू? तिनं कुंकू पुसलं असतं त लोकांनी इचारलं असतं ना, कोनं सांगतलं, कुठी मेला? पाटील त जिवंत आला, मंग मेला तो कोन?" त्या थांबल्या. "म्हनून तिले सधवा ठेवली. दोन एकरही देल्ले नाई. देल्ले असते त तेबी इचारलं असतं."

भैयासाहेब दुसऱ्या दिवशी आले. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि आईसाहेबांचं नाव न घेता, मला जे कळलं ते सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि प्रसन्न हसले.

"पत्र खोटं आहे का?"

"नाही, भैयासाहेब."

"मग छापू ना. धनी स्वतः साखळीत आहे आणि चाकराच्या बायकोची, त्याच्या शेळीची काळजी करून राहिला. अरे, याच्याहून मोठा मानूस तू मले दाखव. मंत्री भाषणात हेच वाचतील." त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. संस्थेच्या शिक्क्याची, माझ्या नावाची ऑर्डर. "फक्त खाली एक ओळ लाग्ते. मोडी वाचन आणि चरित्रलेखन, प्रल्हाद अमुकतमुक, एम. ए. तुझं नाव असलं म्हंजे कोनी शंका घेनार नाही. टाकळीचा पोरगा, माळ्याचा, शिकलेला."

ऑर्डरवरची माझ्या नावाची टाइप केलेली अक्षरं मी पाहत राहिलो. आई आठवली, अंबादेवीचा खण आठवला. खोटं बोलायचं तर म्हणेन की मी ताबडतोब नकार दिला. तसं नाही. मी पेन हातात घेतलं होतं. टोपण काढलं होतं. मग ती फरशी आठवली, खडूची लांब रेघ, आणि "जे नाही ते वाचू नको." मी म्हणालो, "मला माझं नाव द्यायचं नाही."

भैयासाहेबांनी ऑर्डर घडी करून परत ठेवली. आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाले, "नावं आमाले कवाच कमी पडली नाई, लेका. दुसऱ्याचं लावू."

त्यांनी लावलंही. पुस्तक निघालं, पुतळा बसला. अंदमानात एका भिंतीवर दाजीसाहेबांचं नाव कोरलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्यापुढे एक शाळकरी मुलगी हात जोडून उभी होती. मी तिला काही म्हणालो नाही. तिचा नमस्कार योग्य माणसालाच पोचत होता, फक्त पत्ता चुकीचा होता. ऑर्डर गेली ती गेलीच. पुढे नऊ वर्षं मी अकोल्यात शिकवण्या केल्या आणि मग एका शाळेत लागलो. आई म्हणाली, "वांगे हायेत ना अजून," आणि तो विषय तिने संपवला.

बंगला सोडला त्याच दिवशी, एसटी स्टँडच्या बाकावर बसून मी सरांना पत्र लिहिलं. सर गेल्यावर त्यांच्या मुलाने ते मला परत आणून दिलं. सरांच्या मोडीच्या वहीत होतं. घड्यांवर इतकं झिजलेलं की आरपार दिसतं. ते जसंच्या तसं देतो.

"ती. तायडे सरांना शिरसाष्टांग नमस्कार.

सर, तुमचे पणजोबा सापडले. कचेरीच्या कागदांत ते मिळणार नव्हतेच, कारण ते स्वतःच्या नावाने कुठे गेले नाहीत. दाजी पाटलाच्या जागी, पाटलाचे नाव लावून, ते काळ्या पाण्यावर गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या पत्राची नक्कल सोबत आहे. मी जे लिहिले आहे तेच वाचले आहे. भागाई शेवटपर्यंत वाट पाहत राहिली. तिला हे कुणी सांगितले नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ते पळाले नव्हते.

मला ती नोकरी मिळणार नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. आईला मी सांगेन.

त्या घरात दर आखाजीला त्यांच्यासाठी घागर भरतात, पण भीतीने नाव घेत नाहीत, आणि ते पाणी त्यांना पोचत नाही. तुमच्याकडे आता घागर भरत नाहीत हे मला ठाऊक आहे. भरू नका. फक्त एक करा, सर. हे पत्र मिळेल त्या दिवशी अंगणात उभे राहून त्यांना एकदा मोठ्याने हाक मारा. बेटावर त्यांना शेवटपर्यंत दुसऱ्याच्या नावाने बोलावले. गेल्यावरही कुणी त्यांचे नाव घेतले नाही. गणू म्हणून त्यांना हाक मारणारे आता तुम्हीच एक आहात.

आपला,
प्रल्हाद"